अंदाजपंत

तुम्ही यांना कुठे ना कुठे पाहिलं असणार, रीतसर ओळख तेवढी झाली नसेल. घराघरात एक दोनशेपानी वही असते. पुढून दुधाचा हिशेब, मधे भिशीच्या नोंदी आणि मागून उलटी उघडली की भलतंच काही. त्या मागच्या पानांवर यांचा मुक्काम. कागदोपत्री नाव 'ऑनलाइन दुकानाचं अंदाजपत्रक'. वहिनीने ते पहिल्यांदा घरात वाचून दाखवलं तेव्हा दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "हे सगळं अंदाजपंचे आहे." तेव्हापासून आमच्या घरी ते अंदाजपंत.

जन्म कोल्हापूरचा. तिथी गुढीपाडवा, तारीख २२ मार्च २०२३. निमित्त चटणीचं. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. आई दर उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून वर्षाची चटणी करते आणि मुंबई-पुण्याचे नातेवाईक दर दिवाळीला डबे भरभरून ती घेऊन जातात. "फुकट नेतात तर विकत का नेणार नाहीत?" असं वहिनीच्या मनात आलं. "फुकट असते म्हणूनच नेतात," असं दादाच्या मनात आलं. पहिल्या प्रश्नातून पंत जन्माला आले. दुसऱ्या वाक्याला वहीत जागा मिळाली नाही.

दिसायला देखणे. कपाळावर 'श्री', खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा, डावीकडे 'तपशील', उजवीकडे 'रक्कम'. अक्षर वहिनीचं, म्हणजे मोत्यासारखं. आणि अंगावर शून्यं. शून्यांची त्यांना भारी हौस. वेबसाइट १५,०००. पॅकिंग १०,०००. जाहिरात १०,०००. सरकारी कागदपत्रं १०,०००. फोटो ४,५००. किरकोळ ५००. एकूण ५०,०००. बेरीज इतकी गोल की तिच्यावरून हात फिरवावा. खरी बिलं अशी आंघोळ करून येत नाहीत. जाहिरातीत ९९९ रुपयांची दिसलेली सेवा १८ टक्के जीएसटी लावून १,१७८ रुपये ८२ पैसे होऊन दारात उभी राहते. त्या ८२ पैशांकडे पंत असे बघतात, जसं सोवळ्यातल्या माणसाने घरात आलेल्या चिखलाच्या चपलांकडे बघावं.

एक गोष्ट जरा उशिराच उघडकीला आली. खर्चाच्या आधी त्यांनी उत्पन्न लिहून ठेवलं होतं. समासात, पेन्सिलीने, अगदी बारीक: महिन्याला ३०० ऑर्डरी, एका ऑर्डरीमागे १०० रुपये, म्हणजे ३०,०००. हे ३०० कुठून आले, असं दादाने विचारलं. उत्तर आलं, "दिवसाला दहा." दहा कुठून आले? "दहा तर येतीलच की!" गुणाकार हा पंतांचा लाडका. तो करताना त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. भागाकाराचं नाव काढलं की मात्र पोटात दुखतं. हे दुखणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑनलाइन दुकानाला गाळा लागत नाही, पागडी नाही, डिपॉझिट नाही. तेव्हा भाडंही नसणार, असा पंतांचा भाबडा समज होता. चौकशी केल्यावर दोन वाटा दिसल्या. एक वूकॉमर्सची. ते सॉफ्टवेअर फुकट. पंत उडालेच. मग कळलं की म्हैस फुकट आहे, पण गोठा, वैरण आणि धार काढायला येणारा गडी विकत आहे. म्हणजे होस्टिंग वेगळं, बरी दिसणारी थीम वेगळी, कुरिअर आणि पेमेंट जोडायची प्लगिनं वेगळी आणि हे सगळं एकत्र बांधून देणारा मुलगा सगळ्यांत वेगळा. दुसरी वाट तयार दुकान भाड्याने घेण्याची, महिन्याला दोन हजारांच्या आसपास. पंतांनी दुसरी निवडली. 'रक्कम' या रकान्यात दोन हजार लिहिले आणि त्यापुढे 'दर महिन्याला' हे दोन शब्द लिहायचे राहून गेले.

या भाड्याच्या दुकानांची एक गोष्ट वहिनीने तेव्हा वाचून दाखवली होती. कॅनडातल्या ओटावा शहरात टोबियास ल्यूटके नावाच्या तरुणाने जोडीदाराबरोबर २००४ मध्ये स्नोबोर्ड विकायचं ऑनलाइन दुकान काढलं. मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्याने स्वतःच लिहिलं. २००६ मध्ये त्याच सॉफ्टवेअरचं शॉपिफाय झालं. स्नोबोर्ड मागे राहिले आणि दुकान मांडून देण्याचा धंदा जगभर गेला. वहिनीला ही गोष्ट फार स्फूर्तिदायक वाटली. दादाने त्यातून वेगळाच धडा काढला. "बघ, दुकान काढणाऱ्यापेक्षा काढून देणाऱ्याचं बरं चाललंय." पंत या वेळी कोणाच्याच बाजूने बोलले नाहीत.

डोमेन, म्हणजे दुकानाच्या पाटीवरचं नाव, याच्या बाबतीत ते पूर्ण फसले. पहिल्या वर्षी नाव जवळपास चहापाण्याच्या भावात मिळालं. पंतांनी ती रक्कम मोठ्या अभिमानाने लिहून खाली रेघ मारली. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा मेल आला, तेव्हा आकडा कित्येक पट मोठा होता. पहिल्या वर्षी नव्या जावयासारखा पाहुणचार आणि दुसऱ्या वर्षी भाडेकरूसारखी वसुली, ही या धंद्याची रीत आहे. नाव सोडावं तर तोवर ते पुड्यांवर छापून झालेलं. जावई नव्हे, भाडेकरूच आपण, हे पंतांना तेव्हा उमगलं.

वेळेचं भान त्यांना अजिबात नाही. रुपयांचे रकाने आहेत, तारखांचा नाही. दुकान अक्षय्य तृतीयेला, म्हणजे २२ एप्रिललाच उघडायचं, असं पाडव्याला ठरलं. बरोबर एक महिना हाताशी. मग परवाना अडला, फोटो लांबले, पुड्यांचा नमुना दोनदा बदलला, मधे पाऊस, गणपती, पितृपक्ष. दुकान उघडलं दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला. पण भाड्याची जागा एप्रिलमध्येच घेऊन ठेवली होती. शटर बंद आणि भाडं चालू, असे सहा महिने गेले. बारा हजार रुपये. पंतांच्या पानावर या बारा हजारांना आजही नाव नाही. पानाच्या कोपऱ्यात नुसता आकडा आहे, एखाद्या भांडून गेलेल्या पाहुण्याच्या विसरलेल्या छत्रीसारखा.

सरकारला मात्र ते उगाच घाबरून होते. घरी पदार्थ करणाऱ्या लहान उद्योजकाला एफएसएसएआयच्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये, हे ऐकून पंतांनी सुस्कारा सोडला. सीएने पुढचं वाक्य उच्चारलं: स्वतःच्या साइटवरून ऑनलाइन विकायचं तर केंद्रीय परवाना काढा, वर्षाला ७,५००. सुस्कारा परत आत गेला. ट्रेडमार्कचा अर्ज एका व्यक्तीने ऑनलाइन केला तर एका वर्गासाठी ४,५००. वर्गांची यादी ४५ पर्यंत जाते, पण मसाले सगळे तिसाव्या वर्गात बसतात, म्हणून एकावरच भागलं. १०,००० ची ओळ १२,००० वर थांबली. पंतांच्या हिशेबात इतका जवळचा नेम दुसरा कुठलाच लागलेला नाही. सरकार निदान आपले दर आधी लिहून ठेवतं, हा त्यांचा तेव्हापासूनचा निर्वाळा.

जीएसटीच्या नोंदणीला सरकारी फी नाही. म्हणून पंतांनी तिथे शून्य लिहिलं आणि खूश झाले. पण ती काढायची का, याचं उत्तर बेळगावने दिलं. वहिनीचं माहेर बेळगावचं. कोल्हापूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, घरोघरी मराठी, चटणीला हक्काचं गिऱ्हाईक. पण राज्य कर्नाटक. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी हवीच. नागपूर आठशे किलोमीटरपेक्षा लांब, ते घरातलं. बेळगाव हाकेच्या अंतरावर, ते परराज्य. आणि नोंदणी झाली की विवरणपत्रं आली. विक्री शून्य असली तरी शून्याचं विवरणपत्र भरायचं. उशीर केला तर त्या शून्यावर दिवसाला २० रुपये. शून्यांवर इतकं प्रेम करणाऱ्या पंतांना शून्याचाही दंड लागतो, हे फार लागलं.

कपड्यालत्त्यावर सढळ, आतल्या गोष्टींना कंजूष, हा त्यांचा आणखी एक गुण. बोधचिन्हात मिरचीला कोल्हापुरी फेटा बांधला. फोटोसाठी तांब्याची परात भाड्याने आणली. पण पुडीच्या आत तेल न झिरपणारं अस्तर हवं म्हटल्यावर पंतांनी हात आखडता घेतला. आईच्या चटणीत भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा, तेल सुटणारच. चाचणीचं पहिलं पार्सल ठाण्याला ताईकडे पाठवलं. पोचल्याचा संदेश यायच्या आधी ताईचा फोन आला. कुरिअरचा मुलगा जिन्यात होता, चटणीचा वास तिसऱ्या मजल्यावर आला होता. खोक्याच्या तळाला हाताएवढा लाल डाग. तो मुलगा सही घेताना म्हणाला म्हणे, "मॅडम, तुमचं तिखट आलंय." खोक्यावर कुठे तिखट लिहिलं नव्हतं. अस्तर आलं.

घाऊक खरेदी म्हणजे पंतांचा जीव की प्राण. छापील पुड्या २०० घेतल्या तर १२ रुपयांना एक, १,००० घेतल्या तर ८ रुपयांना. "चार हजार वाचले!" म्हणून त्यांनी ८,००० खर्च केले. पुडीवर कायद्याप्रमाणे सगळं छापलं: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, सर्व करांसहित किंमत, तक्रारीसाठी फोन, महिना-वर्षासाठी मोकळी चौकट आणि ठसठशीत अक्षरांत 'निव्वळ वजन ५०० ग्रॅम'. छपाई सुरेख होती. चूक वजनात होती, ती कुरिअरच्या काट्यावर कळली.

तो काटा एकदा जवळून बघायला हवा. पहिलं पार्सल ३० बाय २० बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात गेलं, कारण तो खोका घरात होता. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात आणि येईल ते आकारमानाचं वजन धरतात. ६,००० भागिले ५,०००, म्हणजे १.२ किलो. अर्धा किलो चटणी आणि बाकीच्या हवेचं भाडं. वहिनीने बेताचा खोका आणला. काट्यावर ठेवला: ५८० ग्रॅम. भाड्याचे टप्पे ५०० ग्रॅमचे. ५०० च्या पुढे एक ग्रॅम गेला तरी बिल थेट एक किलोचं. चटणी ५०० ग्रॅम, पुडी, खोका, चिकटपट्टी मिळून ८० ग्रॅम. त्या ८० ग्रॅम पुठ्ठ्यापायी प्रत्येक पार्सल दुप्पट वजनाच्या रांगेत उभं राहत होतं.

उपाय सोपा होता. पुडी ४०० ग्रॅमची केली, खोक्यासकट ४८० भरली. पण १,००० पुड्यांवर ५०० छापलं होतं. जेमतेम साठ वापरल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघरात आता तूरडाळ, साबुदाणा, पोहे, एवढंच काय कपडे धुण्याची पावडरसुद्धा 'कांदा-लसूण चटणी, ५०० ग्रॅम' या नावाने नांदते. वाचलेले चार हजार कुठे गेले असं पंतांना कुणी विचारत नाही. ते फळीवर रांगेत बसलेले दिसतात.

आता भागाकार. दिवाळी उलटल्यावर एका रात्री वहिनी वही घेऊन बसली. विक्री झाली होती, घरात उत्साह होता, पण बँकेतला आकडा त्या उत्साहाशी जुळत नव्हता. तिने बाकी सगळं झाकलं आणि एकाच पुडीचा हिशेब मांडला. विक्री ३६० रुपये. मिरची, खोबरं, कांदा, तेल, गॅस आणि कांडप धरून माल १७०. पुडी, खोका, पट्टी २८. कुरिअर ७५. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, साडेआठ रुपये. किमतीतला पाच टक्के कर १७ रुपये १४ पैसे. हातात उरले ६१ रुपये ३६ पैसे.

इथवर पंत ताठ बसले होते. मग तिने जाहिरातीचे ३,००० काढले. त्या जाहिरातीवरून किती ऑर्डरी आल्या? ४०. म्हणजे एका ऑर्डरीमागे ७५. आणि ६१.३६ मधून ७५ गेले की खाली जे राहतं, त्याच्या डोक्यावर उणं चिन्ह येतं. उणे १३ रुपये ६४ पैसे. चटणी जितकी जास्त खपेल तितका तोटा जास्त, असं ते गणित होतं. महिन्याला ३०० ऑर्डरींचं स्वप्न पूर्ण झालं असतं तर चार हजारांच्या वर खड्डा पडला असता. त्या रात्री पंतांचा लाडका गुणाकार पहिल्यांदा त्यांच्यावरच उलटला.

वहिनीने मग दोन पुड्यांचा हिशेब मांडला. विक्री ७२०. माल ३४०, पॅकिंग ४२, एक किलोच्या टप्प्याचं कुरिअर ११०, गेटवे जवळपास १७ आणि कर ३४ रुपये २९ पैसे. जाहिरातीचे ७५ तेवढेच, कारण गिऱ्हाईक एकच. उरले १०१ रुपये ७२ पैसे. एका पुडीला तेरा रुपयांचा खड्डा, दोन पुड्यांना शंभराची नोट. दुसऱ्या दिवशीपासून दुकानात एकटी पुडी मिळेनाशी झाली. गिऱ्हाइकांना वाटलं योजना आहे. पंतांना माहीत होतं की तो जीव वाचवण्याचा प्रकार आहे.

'आरटीओ' हा शब्द घरात पहिल्यांदा आला तेव्हा आई दचकली. "गाडी कुणाची पकडली?" कुरिअरच्या बोलीत आरटीओ म्हणजे परत फिरलेलं पार्सल. माल हातात आला की पैसे देतो म्हणून मागवायचं आणि माणूस दारात आला की फोन उचलायचा नाही. पार्सल आल्या पावली परत. जातानाचं भाडं आपलं, येतानाचंही बहुतेक वेळा आपलंच. दोन पुड्या कमावतात त्याहून जास्त एक आरटीओ खातो. आईला हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दंडच की. मग नाव बरोबर हाय."

रोख आणि विक्री यांतला फरक पंतांना कधी कळला नाही. विकलं म्हणजे पैसे आले, इतकं त्यांचं साधं मन. चटणीचं कॅलेंडर मात्र वेगळं आहे. मिरची उन्हाळ्यात घ्यावी लागते, रोखीने, वर्षाची एकदम, कारण पावसाच्या आत कुटून बरण्यांत गेली पाहिजे. विक्रीचा जोर दिवाळीला. ऑनलाइन भरलेले पैसे गेटवेकडून दोन-तीन कामाच्या दिवसांनी येतात, दारात दिलेले त्याहून उशिरा. म्हणजे एप्रिलमध्ये गेलेला रुपया नोव्हेंबरात घरी येतो. मधल्या सात महिन्यांना व्यापारी खेळतं भांडवल म्हणतात. पंतांच्या पानावर त्यासाठी जागा नव्हती. ते भांडवल दादाच्या पगारात खेळत होतं.

त्यांच्या घराण्यातल्या धाकट्याचीही ओळख करून देतो. नाव किरकोळ. पानाच्या अगदी तळाशी, ५०० रुपयांची लाजरीबुजरी ओळ. कात्री, वजनकाटा, प्रिंटरची शाई, पावसाळ्यात खोक्यांवर घालायचं प्लास्टिक, कुरिअरच्या कचेरीपर्यंतचं पेट्रोल, बिघडलेल्या पार्सलाच्या बदली पाठवलेली पुडी, 'सॅम्पल द्या की' म्हणणारे शेजारी. वर्षाअखेरीला बघितलं तर किरकोळ १४,००० वर पोचला होता. सगळ्या भावंडांत उंची वाढली ती त्याचीच. पंत अजूनही त्याला लहानच समजतात.

महत्त्वाकांक्षाही आहे हो. शेवटून दुसऱ्या पानावर 'परदेश' असं ठळक शीर्षक आहे, खाली सगळं कोरं. न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीने मैत्रिणींसाठी चटणी मागितली, तेव्हा पंतांनी ते पान उघडलं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलाला आयातशुल्क लागत नसे. २९ ऑगस्ट २०२५ ला ती सवलत संपली. ऐन गणपतीच्या तोंडावर आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी दारात असताना. शीर्षकाखालचं पान अजून कोरंच आहे. शीर्षकाखाली रेघ मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मारून घेतली.

इतकं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, असल्या माणसाला घरात ठेवलंच कशाला? एका गुणासाठी. पंत चुकतात, पण खोडत नाहीत. पहिल्या वर्षानंतर वहिनीने त्यांना आणखी दोन रकाने दिले: 'झालेला खर्च' आणि 'फरक'. त्यांनी मुकाट्याने घेतले. आता दादा-वहिनीत पैशांवरून आवाज चढले की कुणीतरी वही आणतं आणि वाद संपतो. दादाला आठवतं की वेबसाइटवर फार गेले. 'फरक' सांगतो, वेबसाइटपेक्षा किरकोळावर फार गेले. वहिनीला आठवतं की फोटो महाग पडले. 'फरक' सांगतो, रिकामं भाडं महाग पडलं. घरातली बाकी सगळी माणसं आपल्याला हवं तेवढं लक्षात ठेवतात. हे एकटेच नको तेही ठेवतात.

एकच ओळ त्यांनी इतकी वर्षं लिहिली नव्हती. मिरचीचे देठ खुडायचे, कांदा वाळवायचा, खोबरं भाजायचं, चुलीपुढच्या ठसक्याने दिवसभर डोळे पुसायचे. हे काम आईचं. रात्री अकराला चिकटपट्टी लावणारी वहिनी. नियमाप्रमाणे साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं आणि आलेल्या तक्रारीची ४८ तासांत पोच द्यावी लागते. तो अधिकारीही वहिनीच, बहुधा कणीक मळता मळता. यांपैकी कशापुढेच आकडा नव्हता. विचारलं की उत्तर ठरलेलं: घरचंच तर आहे! त्या उणे १३ रुपये ६४ पैशांतही हे धरलेलं नव्हतं.

यंदाच्या पाडव्याला वहिनीने नवं पान उघडलं. 'श्री', दोन रेघा, आणि वेबसाइटच्याही वर पहिली ओळ: मजुरी (आई), किलोला ४० रुपये. दोन पुड्यांच्या १०१ रुपये ७२ पैशांतून ३२ गेले, ६९ रुपये ७२ पैसे राहिले. दादा म्हणाला, नफा कमी झाला. वहिनी म्हणाली, आता कुठे तो नफा झाला. तिने पहिल्या घाण्याच्या २२ किलोंचे ८८० रुपये पाकिटात घालून आईपुढे धरले.

"घरच्या चटणीचं पैसं घेऊ व्हय मी?" आई म्हणाली. पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "बावीस न्हवं, चोवीस किलो झाली."

पंतांच्या पानावर तशी दुरुस्ती केली आहे. फरक: ८० रुपये.